एमएससी फिजिक्स + बीई ड्युअल (बिट्स पिलानी) घ्यावं की पुण्यात सरळ ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन)? भावासाठी विचारतेय

अबोली_नाशिक:

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतेय. यंदा बारावी झाली, बिट्सॅट (बिट्सची प्रवेश परीक्षा) पण दिली आणि राज्याची सीईटी पण. बिट्सॅटला स्कोअर असा आलाय की थेट कॉम्प किंवा ईसीई (इलेक्ट्रॉनिक्स-कम्युनिकेशन) मिळणं कठीण दिसतंय पण एमएससी फिजिक्स मिळेल, गोवा नाहीतर हैदराबाद कॅम्पसला, असं मागचे कटऑफ बघून वाटतंय. आणि तिथे एमएससीला घेतलं की एक वर्षानंतर बीईची एखादी ब्रँच जोडून मिळते, म्हणजे पाच वर्षांत दोन डिग्र्या, आणि मध्ये दोनदा इंटर्नशिप जी अभ्यासक्रमातच धरलेली आहे, असं आम्हाला कळलं. दुसरीकडे सीईटीच्या पर्सेंटाइलवर पुण्यात बऱ्यापैकी चांगल्या कॉलेजात ईएनटीसी मिळतंय, चार वर्षं, फी पण निम्म्याहून कमी, आणि घरापासून चार-पाच तासांवर.

घरात रोज याच्यावर चर्चा चालू आहे. बाबा लवकरच रिटायर होतील, लोन काढावं लागणार हे नक्की, त्यांची तयारी आहे पण मला त्यांची काळजी वाटते. आत्या म्हणते इंजिनिअरिंग मिळत असताना एमएससी कशाला, एमएससी करून शेवटी क्लासेसच काढतात. आईचं म्हणणं त्याला जे आवडतं ते करू दे, पण त्याला नक्की काय आवडतं हे त्याला तरी कळलंय का हा माझा प्रश्न आहे. पोरगा कुणी न सांगता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रोटेशनचे आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्सचे प्रॉब्लेम सोडवत बसतो, उत्तर आलं तरी दुसऱ्या पद्धतीने परत सोडवतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण सर्किट, सोल्डरिंग, कोडिंग असल्या गोष्टींना त्याने कधी हात लावलेला नाही. त्याला विचारलं तर म्हणतो दोन्ही करतो, दोन्ही चालेल.

तर ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, दोन डिग्र्यांचा खरंच उपयोग होतो का की नुसतं एक वर्ष जास्त जातं? बीईची कुठली ब्रँच मिळेल हे कशावर ठरतं? आणि त्या इंटर्नशिपमध्ये खरंच काम देतात का? मी स्वतः कॉमर्सची, बँकेत आहे, त्यामुळे मला यातलं फार कळत नाही, जरा सविस्तर लिहिलंत तर घरी वाचून दाखवता येईल.

---

सह्यकडा:

ताई, मी नेमकं हेच केलंय, एमएससी फिजिक्स आणि बीई इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, आता चिप डिझाइनमध्ये आहे. घरी वाचून दाखवणार म्हणताय म्हणून जरा पहिल्यापासून लिहितो.

आई-बाबांना सगळ्यात आधी हे सांगा की अ‍ॅडमिशन घेताना हातात फक्त एमएससी असते. बीई नंतर जोडली जाते. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच, म्हणजे मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, थर्मो, इलेक्ट्रिकल सायन्सेस, प्रोग्रॅमिंग, वर्कशॉप, इंजिनिअरिंग ग्राफिक्स असं सगळं कॉम्पवाल्यापासून फार्मवाल्यापर्यंत एकाच लेक्चर हॉलमध्ये बसून करतात. ते वर्ष संपलं की सीजीपीएच्या, म्हणजे ग्रेडच्या सरासरीच्या, क्रमाने ब्रँच वाटतात, ज्याचा सीजीपीए वर त्याची निवड आधी. कॉम्प दरवर्षी सगळ्यात वरच संपते, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या ब्रँचेस, मग मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिल वगैरे. बीई अजिबातच मिळाली नाही असं सहसा होत नाही, पण हवी तीच मिळेल असं कुणीही लिहून देऊ शकत नाही. जागा कॅम्पसप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात. त्यामुळे 'एमएससी घेऊ आणि कॉम्प उचलू' एवढ्याच आशेवर येणार असेल तर मी स्पष्ट सांगतो, येऊ नका. पहिल्या वर्षात अटेंडन्सची सक्ती नाही, पोरं पहिल्यांदा घराबाहेर असतात, फेस्ट असतात, क्लब असतात, आणि त्याच वर्षाच्या मार्कांवर पुढची चार वर्षं ठरतात. याचं टेन्शन येतं, आणि फिजिक्स मनापासून आवडत नसेल तर ते टेन्शन घेऊन केलेलं पहिलं वर्ष फार वाईट जातं, हे हॉस्टेलच्या विंगमध्ये जवळून बघितलंय.

दुसरं वर्ष जवळजवळ पूर्ण फिजिक्स. क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम, इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी, मॅथेमॅटिकल मेथड्स. तिसऱ्या वर्षी बीईचे विषय सुरू होतात आणि तेव्हा वर्गात तुमच्या शेजारी ज्युनिअर्स बसलेले असतात, कारण बीईवाल्यांचं दुसरं वर्ष ते आपलं तिसरं. आणि फिजिक्सचे उरलेले पेपर त्याच सेमिस्टरला चालूच असतात. एका सेमिस्टरला २५ युनिटची (युनिट म्हणजे विषयाचे क्रेडिट) कमाल मर्यादा आहे, ड्युअलवाले तिसऱ्या-चौथ्या वर्षात त्या मर्यादेच्या आसपासच असतात. शनिवार-रविवार लॅब रिपोर्टमध्ये जातो. हे सगळं आधी माहीत असलेलं बरं.

आता उपयोग होतो का हा तुमचा खरा प्रश्न. एक उदाहरण देतो. क्वांटमच्या वर्गात अनसर्टंटी प्रिन्सिपल शिकलो, कणाची जागा जितकी नेमकी तितका त्याचा मोमेंटम अनिश्चित. पुढच्या वर्षी सिग्नल्स अँड सिस्टिम्सला सर बोर्डावर पल्स काढून म्हणाले, पल्स जितका अरुंद तितकी त्याची बँडविड्थ मोठी, दोन्ही एकदम कमी करता येत नाही. मी वही उघडून बघितलं तर गणित तेच, दोन्हीकडे फुरिए ट्रान्सफॉर्म, फक्त अक्षरं वेगळी. त्या दिवसापासून दोन्ही विषय मला एकच वाटायला लागले. आज नोकरीत हाय स्पीड लिंकवर काम करताना एखादा सिग्नल का फाटतो हे मला सिम्युलेशन लावायच्या आधी अंदाजाने सांगता येतं, आणि ते त्या पाच वर्षांमुळेच. सॉलिड स्टेट फिजिक्स आधी झालेलं असलं की इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेसमध्ये बँड गॅप वगैरे पाठ करावं लागत नाही, ते समजलेलंच असतं. पण सगळ्या जोड्या अशा जुळत नाहीत. फिजिक्स आणि सिव्हिल, किंवा बायो आणि मेकॅनिकल, यातही लोकांनी छान काम केलंय पण तिथे पूल स्वतः बांधावा लागतो.

इंटर्नशिपचं. त्याला प्रॅक्टिस स्कूल म्हणतात, १९७३ पासून चालू आहे. पीएस-१ दुसरं वर्ष संपल्यावरच्या उन्हाळ्यात साधारण दोन महिने, ५ युनिट. पीएस-२ शेवटच्या वर्षात पूर्ण सेमिस्टर, साडेपाच महिन्यांच्या आसपास, २० युनिट. म्हणजे याला ग्रेड मिळते आणि ती सीजीपीएत धरतात. जिथे जायचं त्याला स्टेशन म्हणतात, स्टेशन्सची यादी येते, प्राधान्यक्रम भरायचा. सोबत कॉलेजचे एक प्राध्यापक बघायला असतात, डायरी, सेमिनार, ग्रुप डिस्कशन, रिपोर्ट सगळं द्यावं लागतं. ड्युअलवाल्यांना पाचव्या वर्षात एका सेमिस्टरला पीएस-२ आणि एका सेमिस्टरला थिसिस असं करता येतं, मी तेच केलं. थिसिस फिजिक्सचा, पीएस कंपनीत. आणखी एक, कॅम्पसवर कंपन्या समर इंटर्नशिपसाठी येतात त्यात सिंगल डिग्रीवाले तिसऱ्या वर्षी बसतात, ड्युअलवाले चौथ्या वर्षी. म्हणजे बरोबर अ‍ॅडमिशन घेतलेले मित्र नोकरीला लागलेले असतात तेव्हा आपण अजून कॅम्पसवर असतो. मला याचं काही वाटलं नाही, काहींना वाटतं.

फी हा मोठा मुद्दा आहे आणि तो मी टाळणार नाही. पाच वर्षांची फी चार वर्षांपेक्षा जास्तच, शिवाय पीएस-१ उन्हाळ्यात असला तरी त्या टर्मची फी असते. उत्पन्न आणि सीजीपीए बघून फीचा काही भाग माफ होतो, त्याला मेरिट कम नीड म्हणतात, तिची कागदपत्रं बाबांनी आत्तापासून काढून ठेवावीत.

---

वाटसरू_पुणे:

मी दुसरी बाजू मांडते, कारण वरचं वाचून कुणालाही ड्युअलच घ्यावंसं वाटेल.

मी पुण्यात ईएनटीसी केलं, सीईटीतूनच. मला पण फिजिक्सचं वेड होतं, अजून आहे. चार वर्षांत मला जे हवं होतं ते मिळालं, फक्त कुणी ताटात वाढून दिलं नाही. तीन विज्ञान अकादम्या मिळून जी समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिन्यांची, तिला इंजिनिअरिंगचे विद्यार्थी अर्ज करू शकतात, मी केला, मिळाली, आणि एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत ऑप्टिक्सच्या गाइडकडे काम केलं. स्टायपेंड पण होता. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा पण उन्हाळी कार्यक्रम असतो. आता बऱ्याच ऑटोनॉमस कॉलेजांत शेवटच्या वर्षात एक सेमिस्टर इंटर्नशिपला मोकळं ठेवतात, मायनर, म्हणजे दुसऱ्या विषयाचा छोटा कोर्स, घेता येतो. आणि पुढे फिजिक्सकडेच जायचं ठरलं तरी दार बंद होत नाही. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था, दोन्ही पुण्यातच आहेत, तिथे पीएचडीला इंजिनिअरिंगवाल्यांना घेतात. गेटला, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेला, बीईवाला फिजिक्सचा पेपर देऊ शकतो.

अबोली, तुझ्या भावाला क्वांटम शिकवायला ईएनटीसीत कुणी येणार नाही हे खरं आहे. ते त्याला स्वतः करावं लागेल, एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) चांगले कोर्सेस आहेत, मी रात्री बसून केले. पण जो मुलगा कुणी न सांगता रात्री दोनपर्यंत प्रॉब्लेम सोडवतो तो हे करू शकतो. आणि बाबांच्या रिटायरमेंटच्या तोंडावर एवढं मोठं लोन, त्याचा हप्ता कोण भरणार, किती वर्षं, हे कागदावर मांडून बघ. तू बँकेतच आहेस, तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. कर्ज डोक्यावर असलं की पोरं रिसर्च सोडून मिळेल ते पॅकेज घेतात, आणि मग फिजिक्स शिकून काय उपयोग झाला? माझ्या मैत्रिणीचं असंच झालं, हुशार मुलगी, पीएचडीची ऑफर होती, ईएमआयमुळे सोडली. याचं मला अजून वाईट वाटतं.

---

अबोली_नाशिक:

दोघांचे खूप आभार. ईएमआयचं गणित काल रात्री खरंच मांडलं, मोरॅटोरियम (शिकताना हप्ता नसतो तो काळ) धरून सुद्धा आकडा मोठा आहे पण मी थोडा भार उचलू शकते, बाबांना अजून सांगितलेलं नाही. सह्यकडा दादा, तुमचं उत्तर भावाने तीनदा वाचलं. त्याने क्वांटमवाला भाग कागदावर करून बघितला.

त्याचा एक प्रश्न आहे. दुसऱ्या वर्षानंतरच्या इंटर्नशिपला तर बीईचं काहीच शिकून झालेलं नसतं, मग तिथे जाऊन करायचं काय? आणि माझा प्रश्न, कुणाला तिथे नुसतं एक्सेल भरत बसवलं असं झालंय का?

---

रेडिओलहर:

झालंय, अबोलीताई. माझ्या बॅचच्या काही पोरांना एका कंपनीत दोन महिने जुने रिपोर्ट स्कॅन करायला लावले होते. गाइडला वेळ नव्हता आणि पोरांनी पण काम मागितलं नाही. हे होतं, आणि पीएस-१ ला जास्त होतं कारण दोन महिन्यांत कोण शिकवत बसणार.

पण माझं वेगळं झालं म्हणून लिहितो. उन्हाळ्यात माझा प्रोजेक्ट जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर होता, नारायणगावजवळ खोडदला. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत तिथे, १४ मध्ये जवळजवळ आणि बाकीच्या इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर लांब लांब पसरलेल्या. मी फिजिक्सचं दुसरं वर्ष संपवून गेलो होतो, बीई ईईई (इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स) नुसती कागदावर मिळालेली, तुमच्या भावाला पडलाय तसाच प्रश्न मला पडला होता की माझा इथे काय उपयोग.

काम होतं आरएफआयचं, रेडिओ सिग्नलमध्ये येणाऱ्या व्यत्ययाचं. म्हणजे आकाशातून येणारा रेडिओ सिग्नल फार क्षीण असतो आणि आजूबाजूच्या विजेच्या तारांवर इन्सुलेटर खराब असला की स्पार्क होतो, तो स्पार्क म्हणजे रेडिओ लहरींचा मोठा भडका. आपली वीज ५० हर्ट्झची, प्रत्येक सायकलमध्ये व्होल्टेज दोनदा टोकाला जातं, म्हणून हा भडका दर १० मिलिसेकंदांनी येतो. स्क्रीनवर डेटा काढला की एकसारख्या अंतरावर खांब उभे दिसतात. मला पहिल्यांदा वाटलं हे काढून टाकणं सोपं आहे, सरासरीपासून तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बाहेर गेलं की कापायचं. गाइड म्हणाले करून बघ. करून बघितलं तर अर्धे स्पार्क तसेच राहिले, कारण स्पार्क एवढे मोठे की त्यांच्यामुळे स्टँडर्ड डेव्हिएशनच फुगतं आणि मग ते स्वतःच मर्यादेच्या आत येऊन बसतात. मग मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, आणि त्याच्यापासूनच्या अंतरांचा मीडियन घ्यायचा, तो चार-दोन मोठ्या आकड्यांनी हलत नाही. हे मी स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात शिकलो असतो तर परीक्षेनंतर विसरलो असतो.

आणि खरी मजा इथून पुढे. पल्सार, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा मेलेला तारा, तो पण ठरावीक वेळाने पल्स देतो. मग स्पार्क कापताना पल्सारच कापला गेला तर? इथे फिजिक्स कामाला आलं. पल्सारचा सिग्नल ताऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉन्समधून येतो त्यामुळे खालच्या फ्रिक्वेन्सीवर तो उशिरा पोहोचतो, स्क्रीनवर तिरका दिसतो. स्पार्क दोन-पाच किलोमीटरवरून येतोय, तो सगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकाच क्षणी येतो, सरळ उभा. हे मला माहीत होतं, माझ्याबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचा एक इंटर्न होता त्याला नव्हतं. आणि तोच कोड डेटा येतोय त्या वेगाने चालवायचा कसा, किती बिट ठेवायचे, मेमरी कुठे भरते हे त्याला कळत होतं आणि मला शून्य. आम्ही दोघं रोज संध्याकाळी फिरायला जायचो आणि एकमेकांना शिकवायचो. परत आलो आणि तिसऱ्या वर्षी डिजिटल डिझाइन सुरू झालं तेव्हा मी पहिल्या बाकावर बसलो, कारण मला ते कशासाठी लागतं हे आधीच दिसलेलं होतं.

म्हणून भावाला सांगा की बीईचं काही येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. स्टेशन निवडताना मात्र नावाच्या मागे जाऊ नये. मोठ्या कंपनीत वीस जणांच्या गर्दीत असण्यापेक्षा एखादी प्रयोगशाळा, जिथे गाइड दिवसातून एकदा तरी येऊन विचारतो, ती निवडावी. आदल्या वर्षी तिथे गेलेल्या सीनिअर्सना फोन करून विचारावं, तुम्ही काय केलंत, गाइड कोण होतं, मशीनला हात लावू दिला का. शेवटचा प्रश्न नक्की विचारावा.

---

आर_अँड_डी_काका:

मी इंजिनिअर, भोसरीत उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत आयुष्य काढलं, इंटर्न मुलं माझ्या हाताखाली बरीच आली. म्हणून टेबलाच्या या बाजूने चार गोष्टी लिहितो.

आमच्याकडे एक प्रेशर सेन्सर होता, त्याचं रीडिंग दुपारी सरकायचं. सकाळी बरोबर, चारनंतर चूक, सकाळी परत बरोबर. स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण पडला की रेझिस्टन्स बदलणाऱ्या चार पट्ट्यांचा, ब्रिज होता आत. त्या वर्षी दोन इंटर्न होते. मुलगा इंजिनिअरिंगचा, चांगला हुशार, त्याने दोन दिवसांत सॉफ्टवेअरमध्ये करेक्शन घालून दिलं, वेळ बघून आकडा वजा करायचा. चालत होतं. मुलगी ड्युअलवाली, फिजिक्स आणि इन्स्ट्रुमेंटेशन, तिने काहीच बनवलं नाही, ती आठवडाभर सेन्सरच्या बॉडीला थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) चिकटवून तापमान लिहीत बसली. सेन्सरच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला, वेगवेगळं. मी दोनदा विचारलं अगं काय चाललंय. मग तिने ग्राफ दाखवला. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर यायचं, सेन्सरची एक बाजू आधी तापायची आणि ब्रिजच्या चारही गेजना सारखं तापमान मिळत नव्हतं. म्हणजे घड्याळाचा संबंधच नव्हता, ढगाळ दिवशी त्या मुलाचं करेक्शन उलट चुकवणारं ठरलं असतं. पुढे दोघांना एकत्र बसवलं, ब्रिजमध्ये कॉम्पेन्सेशनचा रेझिस्टर आणि माउंटिंग बदललं, तो बदल प्रॉडक्टमध्ये गेला. दोघांची नावं मी रिपोर्टवर घातली.

मुलाला मी कमी लेखत नाहीये, त्याच्यासारख्या मुलांशिवाय कंपनी चालत नाही. पण 'हे असं का होतंय' याच्यावर आठवडा घालवायची हिंमत त्या मुलीला सायन्सच्या शिक्षणाने दिली होती असं माझं ठाम मत आहे.

शिकता शिकता काम ही गोष्ट नवीन नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकांनी १९०६ साली हे सुरू केलं, इंजिनिअरिंगची मुलं आलटूनपालटून वर्गात आणि कारखान्यात. विद्यापीठातल्या लोकांना ते पटत नव्हतं. श्नायडर यांचं म्हणणं होतं की या धंद्यातल्या काही गोष्टी वर्गात शिकवताच येत नाहीत. मला ते शंभर टक्के पटतं, पण त्यासाठी कंपनीकडे माणूस पाहिजे जो मुलाकडे बघेल. इंटर्नला चहा-बिस्किटं देऊन बसवून ठेवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, आणि हे मी इंडस्ट्रीतला माणूस म्हणून सांगतोय, ही आपली जबाबदारी आपण नीट घेत नाही.

भावाला माझा निरोप द्या, बाळा पहिल्या दिवसापासून वही ठेव. तारीख, काय केलं, काय आकडा आला, काय समजलं नाही. मी सहा महिन्यांनी कुणाची शिफारस करायची हे वही बघून ठरवायचो.

---

कोल्हापुरी_न्यूट्रिनो:

थोडं वेगळं सांगतो. पोराला फक्त फिजिक्सच आवडत असेल आणि इंजिनिअरिंग नुसतं सेफ्टी म्हणून पाहिजे असेल तर आयसरचं (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) बीएस-एमएस, किंवा नेस्ट या प्रवेश परीक्षेतून नायसर भुवनेश्वर आणि मुंबईचं सीईबीएस, हे पण पाच वर्षांचंच आहे आणि फी कितीतरी कमी. यंदाच्या परीक्षा दिल्या नसतील तर प्रश्न मिटला, पण दिल्या असतील तर रँक बघा. तिथे बीईची डिग्री मिळत नाही हे लक्षात ठेवा. इस्रोच्या सायंटिस्ट/इंजिनिअरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या जागांना बीई किंवा बीटेकच लागतं, ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए. बार्कच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलला मात्र फिजिक्सवाले पण घेतात आणि इंजिनिअरिंगवाले पण. असल्या ठिकाणी जायचं मनात असेल तर दोन्ही डिग्र्या असल्याचा सरळसरळ फायदा आहे, कुणी नाही म्हणू दे.

---

अबोली_नाशिक:

नेस्ट दिली नव्हती, आयसरची दिली होती पण रँक फार मागे आहे, त्यामुळे ते नाही. काका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, बाबा विजेच्या लाइनवर काम केलेले आहेत त्यामुळे वहीचं त्यांना एकदम पटलं. आणि इन्सुलेटरवरचे स्पार्क तर त्यांनी स्वतः बघितलेत, ते रेडिओवाल्यांना त्रास देतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं, त्यांनी रेडिओलहरची पोस्ट परत वाचायला लावली.

भावाला सरळ विचारलं की समज पहिल्या वर्षी मार्क कमी आले आणि सिव्हिल मिळालं तर? बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला फिजिक्स तर राहतंच ना. वाटसरू, तुझं लोनचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये. त्याला मी सांगितलंय की हप्ता मी आणि बाबा मिळून बघू पण उद्या पीएचडी करायची झाली तर निदान पहिली दोन वर्षं तरी आम्हाला हातभार लागेल असं काहीतरी बघावं लागेल, तो हो म्हणाला.

आता शेवटचं विचारते, प्रेफरन्स भरताना एमएससी फिजिक्सच्या आधी काय टाकायचं? त्याचा एक मित्र म्हणतो एमएससी मॅथ्स वर टाक, त्यातून कॉम्प मिळतं.

---

वाटसरू_पुणे:

अबोली, घरात एवढं मोकळं बोलणं झालंय म्हटल्यावर माझी काळजी बरीच कमी झाली. पीएचडीला भारतात फेलोशिप मिळते, जेआरएफ वगैरे, त्यातून छोटा हप्ता निघू शकतो. बँकेशी बोलताना रिपेमेंटची मुदत जितकी लांब मिळेल तितकी घे, नंतर लवकर फेडता येतं. आणि सीईटीचे कॅप राउंड सोडू नकोस, तिकडचं पक्कं होईपर्यंत फॉर्म भरलेला असू दे.

---

सह्यकडा:

मॅथ्स वर टाकल्याने कॉम्प मिळतं असं काही नाही. ब्रँच पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर मिळते. मॅथ्सला येणाऱ्यांची बिट्सॅट जरा वरची असते, त्यामुळे त्यांच्यातले बरेच जण कॉम्पला पोहोचतात, त्यावरून लोकांचा हा समज झालेला आहे. मॅथ्समध्ये पुढे रिअल अ‍ॅनालिसिस, टोपॉलॉजी असलं येतं, ते आवडणारा मुलगा वेगळा असतो.

क्रम असा भरा, सगळ्यात वर ज्या बीई त्याला खरंच हव्यात त्या, मिळणार नाहीत असं वाटलं तरी टाका, दर इटरेशनला, म्हणजे प्रवेशाच्या फेरीला, लोक सोडून जातात आणि यादी सरकते. त्याखाली एमएससी फिजिक्स, तिन्ही कॅम्पस. केमिस्ट्री-बायो तेव्हाच टाका जेव्हा ते विषय पाच वर्षं करायची तयारी असेल. बोर्डाला पीसीएमचे एकत्र ७५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ६० लागतात, ती मार्कशीट स्कॅन करून ठेवा. आणि अ‍ॅडमिशन झाली की भावाला मला मेसेज करायला सांगा. पहिल्या सेमिस्टरच्या आधी जे काही दिवस हातात असतात, त्यात त्याला थोडं सी प्रोग्रॅमिंग आणि ब्रेडबोर्डवर दोन-चार सर्किटं करायला लावू. माझ्याकडे एक जुना मल्टिमीटर आणि कॉम्पोनंट्सचा डबा पडून आहे, नाशिकला येणं होतं माझं, घेऊन येईन.